शेताच्या बांधावरून थेट नभोवाणी : साधनांची निवड कशी करावी

नभोवाणी ही शेतकऱ्यास आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली, आणि परभणीच्या आकाशवाणी केंद्राचा आवाज तर मराठवाड्यातील कित्येक घरांनी पहाटेच्या कामाबरोबर ऐकला आहे. तथापि या सर्व काळात शेतकरी हा बहुतांशी ऐकणाराच राहिला. बोलणारा शहरातील बंद खोलीत, ऐकणारा खळ्यावर, आणि मध्ये एकाच दिशेने जाणारी लहर, अशी ही व्यवस्था होती. सांगितलेले समजले किंवा नाही, आपल्या जमिनीस ते लागू आहे किंवा नाही, हे विचारण्याची सोय तीत नव्हती.

ही उणीव जाणत्यांच्या ध्यानी आली नव्हती असे नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी नभोवाणी मंडळांचा जो प्रयोग केला, तो याच कारणासाठी. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडण्यात आली. मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, लगेच त्यावर चर्चा करावी, आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावेत, अशी योजना होती. असे वीस कार्यक्रम झाले व गावोगाव चर्चा चांगली रंगली. परंतु प्रश्न पोस्टाने जावयाचा आणि उत्तर पुढच्या एखाद्या कार्यक्रमात यावयाचे. पिकावरील कीड मात्र पोस्टाची वाट पाहत थांबत नाही.

आज ही अडचण दूर करण्याचे साधन हाती आले आहे. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे काढण्यास मुभा दिली. अण्णा विद्यापीठाचे चेन्नई येथील केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. २००६ साली ही मुभा सेवाभावी संस्था, कृषि विज्ञान केंद्रे व कृषि विद्यापीठे यांनाही मिळाली. आपल्या राज्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, बारामतीची शारदा कृषिवाहिनी, जत तालुक्यातील जालिहाळची येरळावाणी अशी केंद्रे त्यानंतर उभी राहिली. शेजारच्या तेलंगणात जहीराबादच्या बाजूस शेतकरी स्त्रियांनी २००८ साली ‘संघम रेडिओ’ सुरू केला, तोही याच मुभेच्या आधारे. अशा केंद्राची शक्ती १०० वॅट व मनोऱ्याची उंची ३० मीटर एवढीच सामान्यतः ठरवून दिलेली असते. त्यामुळे सपाट मुलुखातही त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरांच्या फार पलीकडे जात नाही. कोणी हा दोष मानतील; आम्ही मानीत नाही. जेथवर आवाज जातो तेथवर मोटारसायकलवरून अर्ध्या तासात जाता येते, आणि म्हणूनच त्या केंद्राला शेताच्या बांधावर जाऊन तेथून थेट बोलणे शक्य होते.

हे थेट बोलणे कोणत्या साधनांनी करावे, याविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत. केंद्र काढण्याचा विचार जेथे निघतो तेथे साधनांच्या यादीत बहुधा सर्वांत महाग पेटी सर्वांत वर लिहिली जाते, आणि माईक ‘कोणताही चालेल’ म्हणून शेवटी राहतो. हा क्रम नेमका उलटा हवा, असे आमचे मत आहे.

प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावा : थेट प्रक्षेपण हवेच कशाला? एखाद्या शेतकऱ्याची मुलाखत, जात्यावरची गाणी, आजीबाईंनी सांगितलेली बियाणे राखण्याची रीत, ही सर्व खिशात मावणाऱ्या ध्वनिमुद्रकावर टिपून केंद्रावर आणावी. काटछाट करून ती संध्याकाळी ऐकवावी. आवाज अधिक स्वच्छ येतो, खर्च नाममात्र होतो, आणि तार तुटण्याची भीती राहत नाही. थेट प्रक्षेपणाचे समर्थन एकाच ठिकाणी होते. ज्या घटकेस शेतात तज्ज्ञ उभा आहे त्याच घटकेस दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने विचारावे आणि उत्तर त्याला व त्याच्यासारख्या शंभरांना ऐकू यावे, तेव्हाच ते सार्थ होते. धरणाचे दरवाजे उघडणे, अचानक आलेली गारपीट असे प्रसंगही याच वर्गातले. म्हणून जे साधन प्रश्न परत आणू शकत नाही, ते कितीही उत्तम असले तरी थेट प्रक्षेपणास निरुपयोगी समजावे.

उदाहरणासाठी आपल्याच भागातील ठिकाण घेऊ. जालन्याहून मंठ्यावरून जिंतुराकडे जाणारा रस्ता व सेलूची वाट जेथे मिळतात, तो देवगाव फाटा. मालमोटारी, एसटी, ट्रॅक्टर यांची ये-जा, चहाच्या टपऱ्या, भोंगे. आणि रस्ता सोडून थोडे आत गेले की दोन्ही बाजूंस कापूस, सोयाबीन, तूर. परभणी शहरात बसविलेल्या सामुदायिक केंद्राचा आवाज येथवर येणार नाही. केंद्र याच परिसरातील हवे. असे केंद्र आहे असे समजू, आणि कापसाच्या शेतात शेतकऱ्यांची बैठक भरली आहे असे समजू. विषय गुलाबी बोंडअळीचा. २०१७ साली या अळीने राज्यातील कापसाची काय दशा केली हे कोणी विसरलेले नाही, तेव्हा श्रोते कान देऊन ऐकणारच.

तज्ज्ञ सांगतात की हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले म्हणजे नुकसानीची पातळी गाठली असे समजून उपाय योजावा. या वाक्यातील सर्व मोल ‘आठ’ या शब्दात आहे. आता हेच वाक्य साध्या टेलिफोनवरून केंद्रात आले असे धरा. साधा टेलिफोन सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहून नेतो. माणसाच्या ‘स’ या वर्णाचा जोर बहुतेक ४,००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे तो वाटेतच गळतो. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत भेद करणारा वर्ण तोच. ऐकणाऱ्याच्या मनात संशय उभा राहतो की आठ म्हणाले की साठ? साठ पतंगांची वाट पाहणाऱ्याचा कापूस वेचणीला उरणार नाही. औषधाच्या मात्रेच्या बाबतीत हाच संशय पिकापुरता राहत नाही, फवारणाऱ्याच्या जिवाशी जाऊन भिडतो. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा मात्रेचा आकडा हा खेळण्याचा विषय नव्हे.

एफ. एम. नभोवाणी १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज देऊ शकते. मोबाईलवर नव्या पद्धतीचे जे स्वच्छ संभाषण होते त्यात सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा मिळतो, व ‘स’ पुष्कळसा वाचतो. परंतु केंद्रातील टेलिफोन जुन्या तारेचा असेल तर तो पट्टा पुन्हा अरुंद होतो. म्हणून साधने पारखताना कंपनीचे छापील पत्रक वाचण्यापेक्षा एक सोपी कसोटी लावावी. शेतातून एकाने ‘आठ, साठ, सात, साडेसात, पाऊण, पावणेदोन’ असे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणावे. केंद्रात दुसऱ्याने साध्या रेडिओ संचावर ऐकून ते लिहावे. वीसपैकी वीस बरोबर आले तर साधन घ्यावे. आणि साधन कितीही उत्तम असले तरी निवेदकाने आकडा दोनदा व दोन रीतींनी सांगण्याची सवय ठेवावी : ‘आठ, म्हणजे दहाला दोन कमी’.

आता माईक. ध्वनिक्षेपणातील निम्मे दोष येथेच जन्मतात व पुढील कोणत्याही यंत्राने ते निघत नाहीत. माईकचे दोन मुख्य प्रकार शेतकऱ्यास पुरेसे आहेत. एकात तारेचे वेटोळे चुंबकात हलते. त्याला डायनॅमिक म्हणतात. दुसऱ्यात पातळ पडदा विद्युत्भाराने ताणलेला असतो. त्याला कंडेन्सर म्हणतात. कंडेन्सर माईक नाजूक आवाज अधिक टिपतो; परंतु त्यास मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि धूळ, दमट हवा व आपटणे त्याला सोसत नाही. शेतासाठी डायनॅमिकच घ्यावा. १९६६ पासून जगभर चालत आलेला श्योर कंपनीचा एसएम-५८ हा याच जातीचा आहे. लाऊडस्पीकरवाल्यांकडे आहुजाचे जे माईक दिसतात त्यांतही याच जातीचे पुष्कळ असतात.

या जातीतही पुन्हा दोन पोटजाती आहेत. एक समोरचेच ऐकते व मागचे टाळते, दुसरी चहूकडचे सारखे ऐकते. फाट्यावर, रहदारीच्या आवाजात, पहिली उपयोगी. माईकची पाठ रस्त्याकडे करून उभे राहावे. शांत शेतात मात्र दुसरी बरी, कारण तिच्यावर वाऱ्याचा व हात घासल्याचा परिणाम कमी होतो, आणि ज्याला माईक धरण्याची सवय नाही अशा शेतकऱ्याने तोंड थोडे वळविले तरी त्याचा आवाज हरवत नाही. दोन्ही प्रकारचा एकेक माईक असावा. एकच परवडत असेल तर समोरचे ऐकणारा घ्यावा.

अंतराचा हिशेब फुकटचा असूनही तोच बहुधा विसरला जातो. तोंडापासून माईकचे अंतर निम्मे केले की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलने चढतो. दूरच्या मालमोटारीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. हातभर अंतरावरचा माईक चार-पाच बोटांवर आणला तर बोलणे व गोंगाट यांतील फरक बारा डेसिबलांहून अधिक वाढतो. हा लाभ पैशाने विकत मिळत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या हाती माईक न देता निवेदकाने तो स्वतः धरावा, विचारताना आपल्याकडे व उत्तरासाठी त्यांच्याकडे न्यावा. खुर्च्या मांडून मध्ये एक माईक ठेवण्याची जी सभेची रीत आहे ती नभोवाणीस अगदी निकामी.

वारा हा मराठवाड्यातील दुसरा शत्रू. आषाढातील वाऱ्यात उघडा माईक धरला तर ‘भस्स भस्स’ असाच आवाज केंद्रात पोहोचतो. स्पंजची टोपी हलक्या वाऱ्यापुरती चालते. मोकळ्या रानात केसाळ कापडाची टोपी हवी. मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झखालील आवाज कापणारी कळ असते ती बाहेर नेहमी चालूच ठेवावी, कारण वाऱ्याचा व इंजिनाचा घुमारा मुख्यतः तेथेच असतो आणि बोलण्याचे त्यात काही अडत नाही. कॉलरला लावण्याचे बिनतारी छोटे माईक आता स्वस्त मिळतात व दिसावयासही छान दिसतात. पण त्यांतील पुष्कळसे वायफायच्याच लहरींवर चालतात आणि शेदोनशे मोबाईल जमलेल्या ठिकाणी मध्येच गप्प होतात. ध्वनिमुद्रणास ठीक, थेट प्रक्षेपणास तार असलेलाच माईक बरा.

तार म्हणजे तीन पिनांची, दोन आतील तारा व वरून जाळी असलेली. त्या दोन तारांतून तोच आवाज उलटसुलट दिशांनी जातो, व वाटेत विजेच्या तारांनी घातलेली गुणगुण दोन्हींत सारखी शिरून शेवटी एकमेकींस खोडते. अशी तार पन्नास मीटर ओढली तरी बिघडत नाही. घरगुती गाण्याच्या यंत्राची एकेरी तार मात्र चार-पाच मीटरांपलीकडे गुणगुणू लागते. प्रत्येक तारेची एक जास्तीची जोडी पिशवीत असावी. बैलाचा पाय अगर खुर्चीचा पाय तारेवर पडणार हे धरूनच चालावे.

मिक्सर चार माईकांचा पुरे. तो बॅटरीवर चालणारा असावा, त्यावर आवाजाची पातळी दाखविणारे दिवे असावेत, आणि हेडफोनसाठी स्वतंत्र कळ असावी. यापलीकडे त्यावर प्रतिध्वनीचे व इतर चमत्कारांचे जे खटके असतात त्यांसाठी एक पैसाही अधिक देऊ नये. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारा, मजबूत घ्यावा. जो निवेदक हेडफोनशिवाय बाहेर बोलतो तो डोळे मिटून बैलगाडी हाकतो असे समजावे.

मिक्सरचा आवाज मोबाईलमध्ये घालताना एक अडचण येते. मिक्सरमधून निघणारा प्रवाह जोरदार असतो. मोबाईलचे भोक माईकच्या क्षीण प्रवाहासाठी केलेले असते. सरळ जोडल्यास आवाज फाटतो. यासाठी आवाज उतरविणारी जोडतार मिळते, तिची पिन चार वलयांची असावी लागते. किंवा त्याहून बरे, यूएसबीने जोडण्याची लहान ध्वनिपेटी घ्यावी. काही मिक्सरांत ही पेटी आतच असते. नवा मिक्सर घेताना असाच घेतल्यास पुढे एक सांधा कमी होतो, आणि जेवढे सांधे कमी तेवढी बिघाडाची ठिकाणे कमी.

आता शेतापासून केंद्रापर्यंतची वाट. पूर्वी आकाशवाणी बाहेरच्या कार्यक्रमासाठी तार-टेलिफोन खात्याकडून खास तार भाड्याने घेत असे. लहान केंद्रास ते कधीच परवडले नसते. आज मोबाईलचे इंटरनेट ही स्वाभाविक वाट आहे. ‘ओपस’ नावाची ध्वनी आवळण्याची पद्धत २०१२ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या योगाने सेकंदाला ६४ किलोबिट एवढ्या बारीक प्रवाहातून नभोवाणीस शोभेल असा आवाज जातो. हिशेब केला तर तासाला एका दिशेने २९ मेगाबाइट्सहूनही कमी. जाणे-येणे मिळून साठाच्या आत. शेतकरी आपल्या मोबाईलवर दिवसभरात चित्रफिती पाहण्यात याच्या कितीतरी पट खर्च करतो. ही पद्धत वापरणाऱ्या संगणक-प्रणाली फुकट अगर अल्प किमतीत मिळतात. कॉमरेक्स, टायलाइन आदी कंपन्यांच्या याच कामाच्या खास पेट्या उत्तम असतात यात शंका नाही, पण त्यांची किंमत लाखाच्या घरात जाते, आणि लहान केंद्राने पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेस जाऊ नये.

प्रवाह बारीक चालतो, परंतु तो अखंड हवा. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, मोबाईलवर जो वेग दिसतो तो बहुधा उतरता असतो. आपणास चढता वेग हवा. दुसरी, सकाळी रिकाम्या फाट्यावर जो वेग मिळाला तो जत्रेच्या अगर बाजाराच्या गर्दीत मिळेलच असे नाही, कारण एकाच मनोऱ्यावर सर्वांची ओढ पडते. म्हणून खरेदीपूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांची दोन-तीन सिमकार्डे घेऊन ठरल्या जागी, ठरल्या वारी, ठरल्या तासाला अर्धा तास बोलून पाहावे. जी दोन सिमकार्डे टिकतील ती घ्यावीत, एक कामाचे व एक राखीव, दोन वेगळ्या मोबाईलमध्ये. एकाच कंपनीची दोन कार्डे म्हणजे राखीव नव्हे. अनेकदा शेतातल्या शेतात पन्नास पावले सरकल्याने, किंवा मोबाईल मंडपाच्या पत्र्याखालून काढून उंच काठीला बांधल्याने काम होते.

केंद्र व कार्यक्रमाची जागा एकमेकांस दिसत असतील तर वायफायच्या तबकड्या समोरासमोर लावूनही आवाज नेता येतो, व त्या लहरींना स्वतंत्र परवाना लागत नाही. परंतु ‘दिसणे’ याचा अर्थ येथे निराळा आहे. १० किलोमीटर अंतर व ५.८ गिगाहर्ट्झ लहर धरली तर मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येचा पोकळ पट्टा बहुतांश मोकळा असावा लागतो. लिंबाची व आंब्याची झाडे, उसाचा फड, घरांचे माळे यांतून दोन बांबूंवर उभारलेल्या तबकड्यांना ते साधत नाही. जेथे कार्यक्रम वारंवार होतात, उदाहरणार्थ बाजार समितीचे आवार, तेथे पक्क्या इमारतीवर एकदा बसवून ठेवण्यास हा मार्ग चांगला. परवान्याच्या लहरींवरील स्वतंत्र बिनतारी दुव्याचा नाद लहान केंद्राने सोडावा. कागदपत्रांतच हंगाम जाईल.

परतीच्या आवाजाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण येथेच बहुतेक थेट कार्यक्रम फसतात. इंटरनेटच्या वाटेने आवाज पोहोचण्यास अर्धा सेकंद, कधी त्याहूनही अधिक लागतो. शेतातील निवेदकाने रेडिओ संच लावून आपलाच कार्यक्रम ऐकत बोलण्याचा प्रयत्न केला, तर त्याचा स्वतःचा आवाज उशिरा त्याच्या कानी पडतो व चांगला वक्ताही अडखळू लागतो. केंद्राने सर्व कार्यक्रम जसाच्या तसा परत पाठविला तरी हेच होते. म्हणून केंद्रातून परत जाणाऱ्या आवाजात शेतातून आलेला आवाज वजा केलेला असावा. म्हणजे केंद्रातील निवेदक आणि टेलिफोनवरचा शेतकरी हे दोघेच तेवढे शेतात ऐकू यावेत. यासाठी केंद्रातील मिक्सरवर एक स्वतंत्र निर्गम असावा लागतो, ज्यात कोणता आवाज घालावा व कोणता वगळावा हे ठरविता येते. तो नसेल तर शेतासाठी काहीही विकत घेण्यापूर्वी केंद्रातील मिक्सर बदलावा. शेतात लाऊडस्पीकरवर प्रश्न ऐकवायचा असेल तर तो स्पीकर माईकच्या पाठीमागे व दूर ठेवावा, नाही तर वजा केलेला आवाज मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

प्रणालीत आवाज क्षणभर साठवून सलग करण्याचा जो अवधी असतो तो हातात असतो. नुसते भाषण यावयाचे असेल तर तो एक-दोन सेकंदांचा ठेवावा. वाटेतील अडखळणे श्रोत्यास कळत नाही. सवाल-जवाब असतील तर तो पाव सेकंदाच्या आसपास आणावा, आणि विचारणाऱ्यास सांगून ठेवावे की प्रश्न संपल्यावर घटकाभर थांबावे. भजन, हलगी अगर गोंधळ ऐकवायचा असेल तर मोबाईलच्या साध्या संभाषणावर कधीही अवलंबू नये. त्यातील यंत्रणा बोलण्याखेरीज सारे काही गोंगाट समजून कापून टाकते, आणि संबळाच्या जागी पाण्याचे बुडबुडे ऐकू येतात.

विजेची तजवीज स्वतःची असावी. मिक्सर, दोन मोबाईल व एक लहान संगणक मिळून १५ वॅट लागतात असे धरले, तर तीन तासांस ४५ वॅट-तास होतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची. परंतु ती निम्म्याहून अधिक उपसू नये, म्हणजे हाती ४२ येतात. सबब एक पुरत नाही, दोन घ्याव्यात. संगणक मोठा असेल तर हिशेब पुन्हा करावा. ट्रॅक्टरची बॅटरी अडचणीला चालते, पण ट्रॅक्टर बंद ठेवून. मंडपवाल्याच्या जनित्रावर आपले यंत्र जोडल्यास बहुधा गुणगुण शिरते. त्याच्याच मिक्सरमधून वक्त्यांचा आवाज घ्यावा लागला तर मध्ये विलगीकरणाची पेटी बसवावी, व आपला एक माईक तरीही व्यासपीठावर ठेवावा. कारण तो गृहस्थ आपला आवाज समोरच्या गर्दीसाठी कमी-जास्त करतो, रेडिओच्या श्रोत्यांची काळजी करणे हे त्याचे काम नव्हे.

पावसाळ्यात सेलू तालुक्यातील निम्न दुधना धरणाचे पाणी सोडण्याची वेळ आली म्हणजे नदीकाठच्या गावांस सूचना देण्यास या केंद्राइतके जवळचे साधन दुसरे नाही. सामुदायिक केंद्रास स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकविता येतात. परंतु हवामान, पाणी, वीज व नैसर्गिक आपत्ती यांविषयीच्या स्थानिक सूचनांना मोकळीक आहे. अशा दिवशी नेमकी वीज जाते व इंटरनेटही मंदावते. तेव्हा अरुंद पट्ट्याचा साधा टेलिफोनही कामास येतो, आणि म्हणून केंद्रातील मिक्सरला टेलिफोन जोडणारी पेटी टाकाऊ समजू नये. सूचना अधिकाऱ्याच्या तोंडून मिळालेलीच द्यावी, गावांची नावे सावकाश व दोनदा वाचावीत.

थेट कार्यक्रमाची जबाबदारी केंद्रावर असते. बैठकीत एखादा औषधविक्रेता माईक हाती येताच आपल्याच मालाची तरफदारी करू लागतो, एखादा पुढारी निवडणुकीवर घसरतो. केंद्रातील माणसाचा हात शेताच्या कळीवर सतत असावा, आणि ती खाली ओढल्यावर लावण्यास एखादे गाणे तयार असावे. प्रक्षेपित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. तो केंद्रात आपोआप मुद्रित होण्याची व्यवस्था करावी. शेताच्या बाजूसही एक ध्वनिमुद्रक मिक्सरला जोडून चालू ठेवावा, म्हणजे वाट मध्येच तुटली तरी उरलेला भाग संध्याकाळी ऐकविता येतो.

पैसा थोडा असेल तर पहिल्या हंगामात दोन डायनॅमिक माईक, केसाळ व स्पंजच्या टोप्या, चार तारा, बॅटरीवरचा लहान मिक्सर, दोन हेडफोन, ध्वनिमुद्रक, दोन बॅटऱ्या आणि संस्थेत असलेलेच दोन मोबाईल एवढ्यावर काम सुरू करावे. हे सर्व एका पत्र्याच्या पेटीत, आत स्पंज घालून, नेहमी एकाच क्रमाने ठेवावे व पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवावी. बॅटऱ्या दर पंधरवड्यास भरून ठेवाव्यात. कार्यक्रम नसला तरी. माईकच्या टोप्या कापूस वेचणीच्या दिवसांत धुळीने बुजतात, त्या काढून साध्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच चढवाव्यात.